बारावीनंतर लगेच फिल्म शिकायची की आधी ग्रॅज्युएशन? निर्णय कसा घ्यायचा, पायरी-पायरीने

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करून घेऊ, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो. पुण्याच्या एफटीआयआयचे (फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाचे) जे मुख्य तीन वर्षांचे कोर्स आहेत, म्हणजे डिरेक्शन, सिनेमॅटोग्राफी, एडिटिंग, साउंड, आर्ट डिरेक्शन, त्यांना बारावीवर अ‍ॅडमिशन मिळत नाही, पदवी लागतेच. कोलकात्याच्या सत्यजित राय इन्स्टिट्यूटचंही तेच. म्हणजे ज्या दोन सरकारी संस्थांची नावं घेऊन घरोघरी वाद चालतात त्या दोन्ही ग्रॅज्युएशननंतरच्या आहेत, आणि तरीही दर जून-जुलैत मला मेसेज येतात की ताई बारावी झाली, एफटीआयआयचा फॉर्म कधी निघतो?

मी पुण्यात एडिटिंग करते आणि जोडीला एका कॉलेजात मास मीडियाच्या मुलांना शिकवायला जाते, त्यामुळे दोन्हीकडची मुलं बघायला मिळतात, अठराव्या वर्षी कॅमेरा हातात घेतलेली आणि बी.कॉम. नाहीतर इंजिनियरिंग करून तेवीस-चोविसाव्या वर्षी आलेली. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. ज्याला अजून नक्की माहीत नाही की सिनेमातलं नेमकं कोणतं काम करायचंय, आणि घरची परिस्थिती साधारण आहे, त्याने पदवी आपल्या गावातल्या किंवा जवळच्या शहरातल्या चांगल्या कॉलेजात कमी फीमध्ये करावी, त्या तीन वर्षांत भरपूर फिल्म्स बघाव्या, करून बघाव्या, आणि फिल्म स्कूलचा पैसा आणि वेळ पदवीनंतरसाठी राखून ठेवावा. ज्याला काम नक्की माहितीये, विशेषतः अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, एडिटिंग अशा हाताने करायच्या कामात ज्याला रस आहे, त्याला बारावीनंतर लगेच शिकण्यात खरा फायदा आहे. आता हे तुमच्या बाबतीत कसं तपासायचं ते बघू.

पायरी १: आधी डिपार्टमेंट ठरवा, कोर्स नंतर

"मला फिल्ममेकिंग करायचंय" हे वाक्य कोणाच्याही तोंडून आलं की मी पहिला प्रश्न विचारते, सेटवर तू कुठे उभा असशील? कॅमेऱ्यामागे, मॉनिटरसमोर, बूम (लांब दांड्यावरचा माईक) धरून, की सेटवर नसशीलच, एडिटिंग रूममध्ये बसलेला असशील? याचं उत्तर लगेच नसलं तरी चालेल पण शोधायला सुरुवात आत्ता करा, कारण पुढच्या पात्रतेच्या अटी डिपार्टमेंटप्रमाणे बदलतात आणि काही दरवाजे अकरावीतच बंद होतात.

सगळ्यात मोठं उदाहरण साउंडचं. एफटीआयआयमध्ये साउंड रेकॉर्डिंग आणि साउंड डिझाइनला पदवी कोणत्याही विषयातली चालते, पण बारावीला फिजिक्स असावं लागतं. आता होतं काय की मुलाला दहावीनंतर कळतं आपल्याला सिनेमात जायचंय, घरचे पण तयार होतात, मग सगळे म्हणतात सिनेमात जायचं तर सायन्स कशाला, आर्ट्स घे, आणि तो आर्ट्स घेतो. पुढे पाच वर्षांनी लक्षात येतं की याचा कान भारी आहे, याला आवाजातच रस आहे, आणि फॉर्म भरायला बसल्यावर ती एक ओळ दिसते. त्यामुळे अकरावीला असाल, आवाजाची, रेकॉर्डिंगची, म्युझिक प्रॉडक्शनची थोडी जरी ओढ असेल आणि सायन्स झेपत असेल, तर फिजिक्स सोडू नका. ऑस्कर मिळवणारे साउंड डिझायनर रसूल पूकुट्टी फिजिक्सची पदवी करून मग एफटीआयआयला साउंड शिकले, पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

दुसरं आर्ट डिरेक्शन. इथे कोणतीही पदवी चालत नाही, अप्लाइड आर्ट, पेंटिंग, शिल्पकला, आर्किटेक्चर, इंटिरियर डिझाइन अशा विषयांतलं शिक्षण लागतं. म्हणजे ज्याला सेट उभे करायचेत, त्याच्यासाठी बारावीनंतरचा बरोबर रस्ता फिल्मच्या पदवीतून जात नाही, बीएफए (फाइन आर्ट्सची पदवी) किंवा आर्किटेक्चरमधून जातो. आपल्याकडे बीएफएला राज्याची एएसी सीईटी असते, त्यात ड्रॉइंगचे पेपर असतात, त्याची तयारी बारावीच्या वर्षातच करावी लागते. फिल्मची बीए करून मग आर्ट डिरेक्शनला जाऊ म्हणणारी मुलं इथे अडकतात.

अ‍ॅनिमेशनवाल्यांनी मात्र थांबायची गरज नाही. अहमदाबादच्या एनआयडीला (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनला) अ‍ॅनिमेशन फिल्म डिझाइन बारावीनंतर बी.डेस.मध्ये, म्हणजे डिझाइनच्या पदवीत आहे, पदवीनंतर एम.डेस.मध्येही आहे. पवईच्या आयआयटीत आयडीसीला, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, पदवीनंतर सीड परीक्षा देऊन अ‍ॅनिमेशनला जाता येतं. हात आणि डोळा जितका लवकर तयार होईल तितकं बरं, आणि या शाळांत फक्त सॉफ्टवेअर शिकवत नाहीत, चित्र काढायला आणि गोष्ट सांगायला शिकवतात.

अभिनयाचं गणित पूर्ण वेगळं. एफटीआयआयचा स्क्रीन अ‍ॅक्टिंगचा कोर्स पदवीनंतरचा, दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालयही पदवीनंतरचं आणि तिथे तर नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात. म्हणजे बारावी ते पदवी ही तीन वर्षं तुम्ही स्टेजवर असायला पाहिजे, पदवीचा विषय काही का असेना. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाट्यशास्त्राचीच पदवी करता येते, तो पण चांगला रस्ता.

डिरेक्शन आणि लेखन, इथे मी सगळ्यात जास्त ठामपणे सांगेन की घाई करू नका. दिग्दर्शकाला सांगायला काहीतरी लागतं, आणि ते अठराव्या वर्षी असतंच असं नाही. दिग्दर्शक पायल कपाडियाने आधी झेवियर्समधून अर्थशास्त्र केलं, एफटीआयआय नंतर. चैतन्य ताम्हाणे मिठीबाईला इंग्रजी साहित्य शिकला, फिल्म स्कूलला गेलाच नाही, आणि त्याची पहिली फीचर फिल्म 'कोर्ट' २०१४ ला व्हेनिसला दोन पुरस्कार घेऊन आली. नागराज मंजुळेंनी मराठीत एमए केलं, मग नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात कम्युनिकेशन स्टडीजला गेले, आणि तिथल्या अभ्यासाचा भाग म्हणून केलेल्या 'पिस्तुल्या'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिघांचे रस्ते वेगळे, पण तिघांनीही आधी दुसरं काहीतरी नीट शिकून घेतलं होतं. हे योगायोगाने झालं असं मला वाटत नाही.

सिनेमॅटोग्राफी आणि एडिटिंग या मधल्या जागा. बारावीनंतर शिकलात तर एकविसाव्या वर्षी असिस्टंट म्हणून लागता येतं आणि काम करत करत पुढे जाता येतं, पदवीनंतर शिकलात तर जास्त खोलवर शिकता. दोन्ही बरोबर. इथे निर्णय बहुतेक वेळा पैशावर होतो, त्याकडे येऊच.

पायरी २: दोन्हीकडे प्रत्यक्षात काय शिकवतात ते समजून घ्या

बारावीनंतरच्या फिल्म किंवा मीडियाच्या पदवीत सगळंच थोडं थोडं असतं. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत बीएएमएमसी (मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशनची बीए) आहे, ज्याला अजून सगळे बीएमएमच म्हणतात, त्यात पत्रकारिता आणि जाहिरात मुख्य, फिल्म एखाद-दुसरा पेपर. म्हणजे बीएमएम केलं म्हणजे फिल्म शिकलो असं होत नाही, हे अ‍ॅडमिशन घेतानाच डोक्यात असू द्या. फिल्म, टेलिव्हिजन आणि न्यू मीडिया प्रॉडक्शनची वेगळी बीए पण मुंबईत काही कॉलेजांत आहे, ती फिल्मच्या जास्त जवळ जाते. पुण्यात सिम्बायोसिसच्या विमाननगरच्या कॉलेजात मास कम्युनिकेशन आहे, लोणी काळभोरला एमआयटीचं फिल्म स्कूल आहे, गोरेगावच्या चित्रनगरीत व्हिसलिंग वूड्स आहे. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षात भाषा, कम्युनिकेशन, इतिहास असे विषय असतात, कॅमेरा पूर्णवेळ हातात यायला दुसरं वर्ष उजाडतं. यात वाईट काही नाही, अठरा वर्षांच्या मुलाला ते लागतं.

पदवीनंतरच्या फिल्म स्कूलमध्ये एकच विषय, सकाळपासून रात्रीपर्यंत, आणि वर्गात दहा-बाराच्या आसपास मुलं. तुमच्या बाजूला एक डॉक्टर, एक आर्किटेक्ट, एक आसामहून आलेली मुलगी जिने चार वर्षं बँकेत काम केलंय, आणि तुम्ही सगळे मिळून एकमेकांच्या फिल्म करता. शेवटी डिप्लोमा फिल्म असते जी पुढे फेस्टिव्हलला जाऊ शकते आणि जिच्यावरून बघणारे तुम्हाला ओळखतात. २०२५ मध्ये एफटीआयआय आणि सत्यजित राय दोघांनाही अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय, त्यामुळे अभ्यासक्रमाचं नाव, कालावधी, प्रवेशाची पद्धत यात बदल होत राहतील, त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रक संस्थेच्या साइटवरूनच वाचा, मागच्या वर्षीच्या यूट्यूब व्हिडिओवर जाऊ नका.

आणि पदवीनंतर फिल्म म्हणजे फक्त या दोन संस्था नाहीत. डॉक्युमेंटरीत रस असेल तर दिल्लीच्या जामियाचं मास कम्युनिकेशन सेंटर १९८२ पासून आहे, देवनारच्या टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये) मीडिया अँड कल्चरल स्टडीज आहे, मुलींसाठी मुंबईत सोफियाचा एका वर्षाचा एससीएम हा मीडियाचा डिप्लोमा आहे, एनआयडीला फिल्म अँड व्हिडिओ कम्युनिकेशन आहे. फिल्मबद्दल लिहायचंय, शिकवायचंय, संशोधन करायचंय तर जेएनयू आणि जादवपूर. हा थिअरीचा रस्ता मराठी मुलांच्या लक्षातच येत नाही आणि आपल्याकडे सिनेमावर मराठीतून नीट लिहिणाऱ्यांची खरंच गरज आहे.

एक गोष्ट मात्र टाळा. बारावीनंतर फिल्मची तीन वर्षांची महाग पदवी आणि त्यानंतर परत फिल्मचीच पदव्युत्तर, पुन्हा शॉट-सीन-सिक्वेन्सपासून सुरुवात. पहिलं दीड वर्ष तेच तेच ऐकण्यात जातं. दोन्ही करायचंच असेल तर विषय बदला, पदवी जनरल फिल्ममेकिंगची आणि नंतर फक्त साउंड किंवा फक्त सिनेमॅटोग्राफी, असं.

पायरी ३: पैशाचा हिशोब कागदावर मांडा

हे घरात आई-बाबांसोबत बसून करा, एकट्याने नाही. खासगी फिल्म स्कूलमध्ये तीन वर्षांची फी बऱ्याच ठिकाणी दहा लाखांच्या पुढे जाते. त्यात राहणं-खाणं वेगळं, आणि फिल्म स्कूलचा एक खर्च जो माहितीपत्रकात कधीच नसतो तो म्हणजे स्वतःच्या प्रोजेक्टचा, लोकेशनचं भाडं, कलाकारांचं जेवण, टेम्पो, हार्ड डिस्क. कॉलेज कॅमेरा देतं, बाकीचं मुलंच बघतात.

समजा १२ लाखांचं कर्ज काढलं, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षं. हप्ता येतो महिन्याला साधारण १६ हजार २०० रुपये, आणि हे शिकत असतानाचं व्याज न धरता, ते धरलं की अजून वाढतो. कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ते सुरू होतात. आता या लाइनमधलं पहिलं वर्ष आठवा, असिस्टंट म्हणून सुरुवातीला पैसे कमी, तेही प्रोजेक्ट असेल तेव्हाच, दोन महिने काम आणि दीड महिना घरी. ज्याच्या डोक्यावर १६ हजारांचा हप्ता आहे तो मिळेल ते काम घेतो, लग्नाचे व्हिडिओ, कॉर्पोरेट, रील्स. ती कामं वाईट नाहीत, मी पण करते, पण ज्यासाठी शिकलो ते मागे पडतं. मुलं हुशार असूनही अडकतात ती इथे.

सरकारी बँका साडेसात लाखांच्या वर साधारणपणे तारण मागतात, म्हणजे घर किंवा एफडी गहाण. आई-बाबांचं घर गहाण ठेवून जनरल फिल्ममेकिंगची पदवी घ्यावी असं मी कोणालाही सांगणार नाही. तेच सरकारी संस्थेची फी खासगीच्या मानाने बरीच कमी, वर हॉस्टेल, आणि पदवीपर्यंतची तीन वर्षं जवळच्या अनुदानित कॉलेजात काढलीत तर तो खर्च काही हजारांत बसतो. शिष्यवृत्ती मिळणार असेल तर तो कोर्स आणि ते कॉलेज महाडीबीटीच्या यादीत दिसतंय का ते आधी बघा, बऱ्याच खासगी विद्यापीठांत त्या योजना लागू होत नाहीत आणि हे अ‍ॅडमिशन झाल्यावर कळतं.

पैशाची अडचण नसेल तर ही पायरी तुमच्यासाठी पाच मिनिटांची आहे, पुढे चला.

पायरी ४: पदवी कोण देतंय ते विचारा

प्रश्न एकच विचारायचा, सर्टिफिकेटवर कोणत्या विद्यापीठाचं नाव असेल? शहरात अ‍ॅकॅडम्या खूप आहेत, बारावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा देतात, शिकवतात पण बरं, पण डिप्लोमा म्हणजे पदवी नाही. उद्या एफटीआयआयचा फॉर्म भरायचा ठरलं तर ग्रॅज्युएशनच्या रकान्यात लिहायला तुमच्याकडे काही नसतं. हा डिप्लोमा तिथेही चालत नाही, जामियालाही नाही, पदवी लागणाऱ्या स्पर्धा परीक्षेलाही नाही. "डिग्री पण मिळेल" म्हणाले तर विद्यापीठाचं नाव लिहून घ्या आणि यूजीसीच्या यादीत तपासा. कुठल्यातरी लांबच्या राज्यातल्या विद्यापीठाची दूरस्थ पदवी जोडून देत असतील तर ती कोणत्या विषयातली आणि तिला मान्यता आहे का, हे लेखी मागा. आधीच अशा डिप्लोमाला असाल तर जोडीला मुक्त विद्यापीठातून साधी बीए चालू करा, वर्षं वाया जाणार नाहीत.

पायरी ५: कॉलेज बघायला जा, आणि इक्विपमेंट रूममध्ये जा

काउन्सेलर तुम्हाला स्टुडिओ दाखवतील, थिएटर दाखवतील, भिंतीवरचे फोटो दाखवतील. ते सगळं बघून झालं की म्हणा, कॅमेरे जिथून देतात ती खोली बघायचीये. तिथे एक रजिस्टर असतं, कोणी कोणता कॅमेरा किती तारखेला नेला आणि कधी परत आणला. ते नुसतं चाळा. दुसऱ्या वर्षाची किती नावं दिसतात, एका मुलाला कॅमेरा सलग किती दिवस मिळतो, साउंडचा किट बाहेर जातो की नुसता कपाटात आहे, हे सगळं त्या पानांत असतं. साउंड रेकॉर्डरच्या पुढे सह्याच नसतील तर समजा की इथे मुलं कॅमेऱ्याच्या माईकवर काम भागवतायत, म्हणजे आवाज कोणी शिकवत नाहीये. रजिस्टर दाखवायला नाही म्हणाले तर तिथल्या मुलांना विचारा.

मुलांशी बोलायचंच, कॅन्टीनमध्ये, काउन्सेलर सोबत नसताना. तिसऱ्या वर्षाच्या मुलाला विचारा, तू स्वतः किती फिल्म शूट केल्यास, किती एडिट केल्यास, आणि एखादी दाखवशील का मोबाईलवर? कॉलेजच्या साइटवरची बेस्ट फिल्म बघू नका, साध्या मुलाची साधी फिल्म बघा. संवाद नीट ऐकू येतात का? माणूस दारातून बाहेर पडताना एका दिशेने जातो आणि पुढच्या शॉटमध्ये उलट्या दिशेने येतो असं होतंय का? या दोन गोष्टी तिसऱ्या वर्षापर्यंत जमलेल्या नसतील तर शिकवणं कच्चं आहे. आणि विचारा की शिकवणारे सर-मॅडम सध्या कोणत्या फिल्मवर काम करतायत, मागच्या बॅचची मुलं आत्ता कुठे आहेत, नावानिशी.

पायरी ६: पैसे भरायच्या आधी स्वतःला तपासा

सुट्टीत तीन मिनिटांची फिल्म करा. एक खोली, दोन माणसं, मोबाईल, संवाद चारच ओळी. उदाहरणार्थ, बहीण भावाकडे उसने दिलेले पैसे परत मागते, एवढंच. स्क्रिप्ट एका पानाची, शॉट डिव्हिजन कागदावर. शूटच्या दिवशी पंखा बंद करा, फ्रिज बंद करा (आणि नंतर चालू करायला विसरू नका), आणि सगळे गप्प बसून खोलीचा नुसता आवाज एक मिनिट रेकॉर्ड करा, त्याला रूम टोन म्हणतात, एडिट करताना दोन शॉटच्या मधली फट तो भरून काढतो. मग कट करायला बसा. पहिल्यांदा सगळ्यांची फिल्म सात मिनिटांची होते. ती तीनवर आणा. भाऊ उत्तर द्यायच्या आधी किती वेळ गप्प राहतो, बारा फ्रेम (साधारण अर्धा सेकंद) की दोन सेकंद, यावर तो बेरकी वाटतो की लाजलेला वाटतो, हे स्वतःच्या डोळ्याने बघा.

या सगळ्यात तुम्हाला कुठे वेळेचं भान राहिलं नाही ते लिहून ठेवा. लिहिताना, लाइट लावताना, लोकांना सांभाळताना, की कट करताना. पहिल्या पायरीच्या प्रश्नाचं उत्तर बरेचदा इथे मिळतं. आणि सगळंच कंटाळवाणं वाटलं, फक्त शेवटी नाव आलेलं आवडलं, तर अजून एक वर्ष थांबा, फी भरू नका.

पुण्या-मुंबईत असाल किंवा येऊ शकत असाल तर आणखी काही गोष्टी. एफटीआयआयचे छोटे कोर्स असतात, काही दिवसांचे ते काही आठवड्यांचे, पटकथा, मोबाईल फिल्ममेकिंग, एडिटिंग असे, तिथे जाऊन या, अंदाज येतो. उन्हाळ्यातला फिल्म अ‍ॅप्रिसिएशनचा कोर्स, ज्याला सगळे एफए म्हणतात, तो बनवायला शिकवत नाही, बघायला शिकवतो, आणि तो लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या सोबतीने बरीच वर्षं चालत आलाय. जानेवारीच्या आसपास पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून फिल्म दाखवतंय, नोव्हेंबरात गोव्यात इफ्फी हा भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, तिथे विद्यार्थ्यांना वेगळी नोंदणी करता येते. चार दिवस रोज चार-चार फिल्म बघूनही पाचव्या दिवशी सकाळी रांगेत उभं राहावंसं वाटलं तर ओढ खरी आहे.

पायरी ७: साधी पदवी निवडली तर ती तीन वर्षं कशी वापरायची

विषय असा घ्या जो आवडतो आणि ज्यातून सिनेमाला काही मिळेल. मराठी किंवा इंग्रजी साहित्य, इतिहास, समाजशास्त्र, मानसशास्त्र, लेखन-दिग्दर्शनासाठी हे सगळे चांगले. साउंडसाठी फिजिक्स. प्रॉडक्शनमध्ये जायचं असेल तर कॉमर्स खरंच उपयोगी, सेटवर बजेट वाचता येणारा माणूस लागतो.

कॉलेज निवडताना नाट्यमंडळ बघा, हे मी अगदी मनापासून सांगतेय. पुण्यात पुरुषोत्तम करंडक ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, फिरोदिया करंडक आहे, मुंबईत विद्यापीठाचा युथ फेस्टिव्हल आणि एकांकिका स्पर्धा आहेत, आणि यात उतरायला कॉलेजचा विद्यार्थी असावं लागतं. दोन महिने रात्री तालीम, बॅकस्टेजला लाइट, संगीत, नेपथ्य, सगळं मुलं करतात, नटाला कसं सांगायचं, माणसं कशी धरून ठेवायची हे तिथे जितकं शिकायला मिळतं तितकं फिल्मच्या पदवीच्या पहिल्या वर्षात मिळत नाही. ही संधी पदवीच्या वयातच असते. लहान गावात असाल तर युवा महोत्सव आणि एनएसएसची पथनाट्यं, तिथूनही सुरुवात होते.

बाकी, दर सेमिस्टरला एक छोटी फिल्म, आठवड्याला दोन फिल्म नीट बघणं आणि प्रत्येकीवर अर्धं पान लिहिणं, मराठीत लिहिलं तरी चालेल. तिसऱ्या वर्षापर्यंत ही वही प्रवेश परीक्षेची अर्धी तयारी असते. लेखीत सिनेमाची माहिती, कला, आजूबाजूच्या घडामोडी आणि वर्णनात्मक लिखाण असं मिळून असतं, त्यातून पुढे गेलात की ओरिएंटेशन आणि इंटरव्ह्यू. इंटरव्ह्यूला पाठ केलेली दिग्दर्शकांची नावं चालत नाहीत. विचारतात तुमच्याबद्दल, तुमच्या गावाबद्दल, तुम्ही काय बघितलंत आणि ते तसं का वाटलं. सोलापूरच्या मुलीने चादरीच्या कारखान्याबद्दल नीट पाच मिनिटं सांगितलं तर ते युरोपियन सिनेमावरच्या ऐकीव वाक्यांपेक्षा जास्त वजनदार ठरतं. इंग्रजी अडखळलं तरी घाबरू नका, हिंदीत बोला, पण स्वतःचं बोला.

पहिल्या खेपेला नाही झालं तर? जागा मोजक्याच, त्यामुळे बऱ्याच जणांचं होत नाही. एफटीआयआयला वयाची वरची अट नाही. मधल्या वर्षात असिस्टंट म्हणून लागा, एडिटरकडे, मालिकेच्या सेटवर, डॉक्युमेंटरीवाल्यांकडे. कॉल शीट (त्या दिवशीच्या शूटचं वेळापत्रक) काय असते, रशेस (शूट केलेलं कच्चं फुटेज) कसे लावतात हे कळलेलं असलं की दुसऱ्या वेळी तुम्ही वेगळं बोलता. काहींना त्या वर्षात कळतं की शाळेची गरजच नाही, काम जमतंय. तसं झालं तर चालू ठेवा.

पायरी ८: बारावीनंतरच फिल्म घेतली असेल तर

मग पहिल्या वर्षापासून एक बाजू धरा. सगळ्यांना डिरेक्टर व्हायचं असतं, वर्गात साठ डिरेक्टर आणि बूम धरायला कोणी नाही. जो दुसऱ्यांच्या फिल्मचा आवाज करतो, एडिट करतो, त्याच्याकडे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी दहा-पंधरा फिल्म्सचं काम असतं, आणि काम देणारा शोरील (निवडक कामाचा छोटा व्हिडिओ) बघतो, मार्कशीट कोणी मागत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत इंटर्नशिप स्वतः शोधा, कॉलेज देईल म्हणून बसू नका. आणि सिनेमाबाहेरचं वाचन चालू ठेवा, कारण तुमच्या वर्गात सगळेच सिनेमावाले आहेत आणि बाहेरचं जग आत आणायला कोणी नाही.

नवीन शैक्षणिक धोरणात पदवीला चौथ्या वर्षाचा पर्याय आलाय. परदेशात एमएफए (फाइन आर्ट्समधली पदव्युत्तर पदवी, फिल्मही त्यातच येते) करायचा विचार असेल तर तो महत्त्वाचा आहे, कारण तिकडची काही विद्यापीठं, विशेषतः अमेरिकेतली, पदवीपर्यंत सोळा वर्षांचं शिक्षण धरतात आणि आपली तीन वर्षांची पदवी तिथे कमी पडू शकते. एमएफए अमेरिकेत दोन ते तीन वर्षांचं असतं आणि खर्च रुपयांत कोटीच्या आसपास सहज जातो, म्हणून पूर्ण स्कॉलरशिप किंवा शिकवण्याच्या बदल्यात फी माफ असं काही नसेल तर मी आधी इथली सरकारी संस्था बघायला सांगेन. बारावीनंतर लगेच परदेशात फिल्मला पाठवणं मला बहुतेक घरांसाठी अजिबात पटत नाही.

शेवटचं, घरच्यांशी बोलायचं. "मला फिल्म करायचीये" एवढंच म्हणालात तर बाबा नाही म्हणणारच, त्यांना भीती वाटते आणि ती बरोबर आहे. त्याऐवजी एक पान घेऊन बसा. कोणतं डिपार्टमेंट, बारावीनंतर की पदवीनंतर, तीन-चार संस्थांची नावं, प्रत्येकीची या वर्षीची फी, पदवी कोणत्या विद्यापीठाची, प्रवेश परीक्षा कधी, नाही झालं तर त्या वर्षात काय करणार. आणि सोबत तुमची ती तीन मिनिटांची फिल्म. आधी फिल्म दाखवा, मग पान द्या.